पोटखराब

मॅगझीनच्या मराठी विभागाचे संपादक गेली दोन वर्षं कॉरिडॉरमध्ये गाठून "काहीतरी दे ना लिहून" असं म्हणायचे आणि मी "नेक्स्ट इयर नक्की" म्हणून सटकायचे. कारण सरळ आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. सिस्टर्सनी इंग्रजी घोटून घेतलं, मराठी आपलं वेळापत्रकात शेवटच्या तासाला. घरी बोलायचो ती मालवणी, आणि पुस्तकातली मराठी या दोन्हींपासून थोडी लांबच उभी असायची. पण यंदा मीच हात वर केला. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची, बाकी माझी!

विषय पक्ष्यांचा आहे. आणि थोडा सर्व्हेइंगचासुद्धा, त्यामुळे सिव्हिलवाल्यांनी तरी पान उलटू नये.

सुरुवात झाली एका व्हिडिओपासून. माझी आतेबहीण लग्नानंतर अमेरिकेत, मिनेसोटात राहते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने फॅमिली ग्रुपवर दीड मिनिटाचा एक व्हिडिओ टाकला. संध्याकाळचं आकाश, आणि त्यात लांब टोकदार पंखांचे कितीतरी पक्षी. सरळ रेषेत कोणीच नाही. एक डावीकडे झोकांडी खातोय, दुसरा मधेच वर उसळतोय, पण सगळ्यांचं एकूण चाललंय दक्षिणेकडे. प्रत्येकाच्या पंखावर एक पांढरा पट्टा. खाली ताईचा मेसेज : "नाईटहॉक्स! एक तास झाला, संपतच नाहीयेत." ग्रुपवर चार अंगठे आले, काकांनी नेहमीप्रमाणे हात जोडले (ते सगळ्यालाच हात जोडतात), आणि विषय तिथेच संपला.

माझा संपला नाही. व्हायवाची तयारी करायची असली की माणसाला कुठल्याही विषयात रस वाटतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तर हा नाईटहॉक. नावात हॉक आहे, पण तो ससाण्याच्या कुळातला नाही. चोच इवलीशी, पण तोंड उघडलं की केवढा तरी जबडा. त्या उघड्या तोंडाने हवेतले किडे टिपत तो उडतो. उन्हाळा उत्तर अमेरिकेत काढायचा आणि ऑगस्ट संपत आला की थवे करून थेट दक्षिण अमेरिकेची वाट धरायची. मिनेसोटातच सुपीरियर सरोवराच्या काठी डलुथ नावाचं शहर आहे. तिथे २६ ऑगस्ट १९९० या एका दिवशी मोजणाऱ्यांनी ४३ हजारांहून जास्त नाईटहॉक मोजले होते. मोजले! आमच्या वर्गात साठ जणांची हजेरी बरोबर लागत नाही.

पण मला जे वाचून खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं ते वेगळंच होतं. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या, खडबडीत, सपाट जमिनीवर सरळ अंडी घालतो. शहरं वाढली तेव्हा त्याने तिथेही जागा शोधली : इमारतींची सपाट छपरं. त्या काळी डांबराच्या थरावर बारीक खडी पसरून छप्पर करायची पद्धत होती. नाईटहॉकच्या दृष्टीने तो माळच. पुढे खडी गेली आणि गुळगुळीत रबराच्या शीट्स आल्या. इंजिनिअरच्या दृष्टीने उत्तम सुधारणा : हलकी, गळत नाही, काम झटपट. त्या छपरांवर मात्र अंडी टिकेनात. काही ठिकाणी पक्षीप्रेमींनी छपराच्या कोपऱ्यात मुद्दाम खडीचे चौकोन टाकून पाहिले. म्हणजे बघा, एका पक्ष्याचं राहणं-न राहणं कुणाच्या तरी रूफिंग स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं होतं, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मी ताईला विचारलं, "आपल्याकडे असतो का हा?" ती म्हणाली, "हा नाही. पण याचा भाऊ आहे. रातवा. सड्यावर जाऊन बघ ना, गणपतीला जाशीलच."

आता सडा म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या मित्रमैत्रिणींना सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला अंगणातला शेणसडा आठवेल. आमच्याकडे डोंगर चढून वर गेलं की शिखर नसतं, टेबलासारखी सपाटी असते. जांभ्या दगडाचा उघडा कातळ, लांबच लांब. तोच सडा. आमचं घर मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. घरामागे नारळी-पोफळीची बाग, बागेत विहीर, मग चढण, आणि चढण संपली की सडा. त्यात आमच्या घराण्याचे शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. सातबारावर त्या जमिनीपुढे एक शब्द लिहिलेला आहे : पोटखराब. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. लहानपणी हा शब्द ऐकून मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलंय.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते. मी आदल्या रात्री पोचले. आरत्या, उकडीचे मोदक, भजनं, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर काकांनी विषय काढला. चिरेखाणीसाठी एक पार्टी सडा मागते आहे. भाड्याने द्यायचा, पैसे बरे मिळतील. आधी जागा नीट मोजून, नकाशा करून हवा.

"तू इंजिनेर होतलस मा? मगे मोजून दी बघया सडो," काका म्हणाले.

घरात सगळ्यांना बरं वाटलं. पोरगी शिकतेय त्याचा उपयोग होतोय! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि एक गोष्ट बोलली गेली नाही, पण सगळ्यांना माहीत होती. माझी दोन वर्षांची फी अजून भरायची आहे, धाकटा भाऊ बारावीला आहे, आणि बाबांच्या पगारात दोन्ही बसत नाही.

तुमचा गैरसमज नको म्हणून सांगते, चिरा म्हणजे आमच्याकडे काही खलनायक नाही. मी ज्या घरात वाढले त्याच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, शाळेची होती, देवळाचीही आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अंमलदाराने केरळात हाच दगड पाहून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. थोडक्यात काय, सायबालाही त्यात पहिल्यांदा वीटच दिसली.

मोजणीसाठी मी पुन्हा घरी आले ती सप्टेंबरमध्ये, म्हाळाच्या दिवसांत. सामग्री : तीस मीटरची टेप, रेंजिंग रॉड म्हणून रंगवलेले चार बांबू, मोबाईल, वही आणि असिस्टंट म्हणून भाऊ. टोटल स्टेशन वगैरे कॉलेजातच राहिलं. चार दिवस लागले. मे महिन्यात आंब्याच्या वेळेला सडा बघितला असेल तर तो काळा, रखरखीत, चटके देणारा असतो. पण भाद्रपदात? कातळाच्या प्रत्येक खोबणीत पाणी आणि पाण्याच्या कडेने फुलं. निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढऱ्या टाचण्यांसारखे गेंद, मधेच तेरडा. सीतेची आसवं दिसायला इतकी नाजूक, पण ती कीटकभक्षी वनस्पती आहे, मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव पकडते. कातळावर माती नाही, खायला काही नाही, मग तिने आपली मेस अशी चालवली.

मोजणीत मला अडचण आली ती या डबक्यांची. टेप सरळ धरायची तर पाण्यातून जावं लागे. शेवटी डबकी पण नकाशात घ्यायची ठरवली. अकरा निघाली. सगळ्यात खोल होतं ते पोटरीपर्यंत. काठच्या गवताच्या काड्यांना काहीतरी तपकिरी, पोकळ चिकटलेलं होतं. भाऊ म्हणाला, "किडे मेलेत." जवळून पाहिलं तर मेलेले नव्हते, निघून गेलेले होते. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात, मग काडीवर चढून कात टाकतात आणि उडतात. त्या काती होत्या. एका डबक्याभोवती मी चाळीसपर्यंत मोजल्या.

आणि वर बघितलं तर ते सगळे तिथेच! डोक्यावर दहा-पंधरा फुटांवर पिवळट-सोनेरी चतुरांचा थर. कुणी खाली बसत नव्हतं. कोकणात या दिवसांत हे इतकं नेहमीचं दृश्य आहे की आम्ही कधी त्याकडे मान वर करून बघत नाही.

यातला सगळ्यात प्रवासी चतुर म्हणजे 'वाँडरिंग ग्लायडर'. त्याची गोष्ट ऐका. चार्ल्स अँडरसन नावाचे एक सागरी जीवशास्त्रज्ञ १९८३ पासून मालदीवमध्ये राहत होते. त्यांच्या लक्षात आलं की दर ऑक्टोबरात बेटांवर चतुरांची झुंबड उडते. पण मालदीवमध्ये जमिनीवर गोडं पाणी जवळजवळ नाहीच, मग हे जन्मतात कुठे? त्यांनी वर्षानुवर्षं तारखा लिहून ठेवल्या. दक्षिण भारतात आधी, मग मालदीवमध्ये, मग सेशल्समध्ये, मग पूर्व आफ्रिकेत. २००९ साली त्यांनी मांडलं की हे किडे मान्सून परतताना उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत जन्मायचं, पाणी आटायच्या आत, दीडएक महिन्यात मोठं व्हायचं आणि पुढच्या पावसाच्या मागे जायचं. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, आणि एक चतुर पूर्ण फेरी मारत नाही. चार पिढ्या मिळून एक फेरी होते. रिले रेसच म्हणा.

तात्पुरतं डबकंच का? कारण त्यात मासे नसतात. बारमाही तळ्यात पिल्लांना मासे खातात. जे पाणी चार महिन्यांनी आटतं तेच त्यांना सुरक्षित. म्हणजे आमचा सडा 'निरुपयोगी' आहे म्हणूनच उपयोगी आहे!

चौथ्या दिवशी मोजणी लवकर संपली. भाऊ क्रिकेटला पळाला, मी तिथेच बसून राहिले. खाली समुद्र दिसत होता, पश्चिमेला ढग मोकळे झाले होते. पहिल्यांदा आले वेडे राघू, पण नेहमीचे तारेवरचे नव्हेत. आकाराने मोठे, गालावर निळी रेघ. हे निळ्या गालाचे राघू, उत्तरेकडून आलेले, आफ्रिकेच्या वाटेवरचे प्रवासी. त्यांचा डबा म्हणजे तेच चतुर. ते हवेत गिरकी घेत, एक टिपत आणि पुढे जात. त्यांच्या वर पाकोळ्या होत्या. त्यांतल्या काही वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातून आलेल्या असू शकतील. तिथल्या वेंगुर्ला रॉक्स नावाच्या बेटांवर एका गुहेत त्यांची मोठी वसाहत आहे. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्येच तिच्याबद्दल लिहून ठेवलंय.

मग सूर्य बुडाला, राघू गेले, आणि पाच-सात मिनिटं काहीच नव्हतं. मी उठणार, इतक्यात टेबल टेनिसचा बॉल टेबलावर सोडावा तसा आवाज आला. टक्... टक्... टक्-टक्-टकर्रर्र. बॉलची उडी जशी लहान होत जाते तसाच. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये हा आवाज मी रोज ऐकते, पण इथे कातळावर कोण खेळतंय?

रातवा! माझ्यापासून वीस पावलांवर एक दगड उठला आणि उडाला. खरंच, उठेपर्यंत तो दगडच होता. करडा, तपकिरी, काळ्या रेघा, जांभ्यावरच्या शेवाळाचेच रंग. पंख मारताना आवाज अजिबात नाही. डबक्यावरून एक फेरी, दुसरी फेरी, मधेच झोकांडी, तशीच जशी ताईच्या व्हिडिओत होती. फरक एवढाच की हा कुठे जात नव्हता. याच्या एका जातभाईचे, युरेशियन रातव्याचे, थवे नव्हे पण एकेकटे पक्षी शरदात कच्छवरून आफ्रिकेकडे जातात. हा मात्र इथलाच. तो बारा महिने याच कातळावर राहतो, इथेच उघड्यावर दोन अंडी घालतो, घरट्याची एक काडीसुद्धा न वापरता.

घरी येऊन आजीला सांगितलं तर ती हसली. "ता रातचा पाखरू. गाडयेच्या उजेडात डोळे पेटतत तेचे. रस्त्यार बसता. तेका हालवू नको, अंडी आसतली." ऐंशी वर्षांची बाई, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि मी जे चार वेबसाइटवर वाचलं ते तिने भाकरी परतता परतता सांगून टाकलं.

त्या रात्री जेवताना मी तोंड उघडलं. डबकी, चतुर, राघू, रातवा, सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खाणीत पण पाणी साचता."

मी म्हटलं, ते खोल पाणी असतं, बारमाही असतं, त्यात मासे येतात.

"बरा. आणि तुझी फी रातवो भरतलो काय?"

सगळे हसले. मीसुद्धा. पण घास गिळताना त्रास झाला, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याला शाळेत पर्यावरणाचे निबंध लिहायला लावतात, त्यात एका बाजूला 'मानवाची हाव' असते आणि दुसऱ्या बाजूला बिचारा निसर्ग. माझ्यासमोर हावरा माणूस कोणी नव्हता. काकांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं, पण माझ्या ॲडमिशनला आजवर एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. निबंधात असा काका कधी येत नाही.

मला त्या वेळी नागालँडमधलं पांगती गाव आठवत होतं. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे दर ऑक्टोबरात तिथल्या दोयांग जलाशयाजवळ उतरतात. २०१२ मध्ये ते जाळ्यांत पकडून विकले जात असल्याचं बाहेर आलं. त्या एका मोसमातला अंदाज लाखाच्या वरचा होता. पकडणारे मासेमारी करणारे साधे गावकरीच होते, आणि त्यांच्यासाठी तो वर्षाचा मोठा पैसा होता. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, गावांनी स्वतः ठरवून ही शिकार बंद केली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावले, आणि त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. ते पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला गेले, समुद्रावर कुठे थांबायची सोयच नाही. एवढ्या प्रवासात ते खातात काय? अँडरसन यांचा तर्क असा की त्याच वाऱ्यावर चाललेले चतुर. नोव्हेंबरात हे ससाणे महाराष्ट्रावरून जातात. पांगतीच्या लोकांनी पैसा सोडला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे मला त्या जेवणाच्या पाटावर पहिल्यांदा कळत होतं. फुकट काही नव्हतं त्यात.

पण मी हे काही बोलले नाही. नागालँडचं उदाहरण देऊन काका ऐकतील असं मला वाटलं नाही. मी नकाशा काढायला बसले.

एकास पाचशे स्केल. हद्दी, कोपरे, उतार, सगळं नियमाप्रमाणे. मग त्यात अकरा डबकी निळ्या पेन्सिलीने भरली. प्रत्येकाची खोली लिहिली. रातवा जिथून उठला तिथे एक लाल ठिपका. पुढे तीन संध्याकाळी मी पुन्हा वर गेले, आणखी दोन ठिपके वाढले. सड्याच्या खालच्या कडेला, जिथे पाणी झिरपून बाहेर येतं, तिथे बाण काढले. जांभा दगड स्पंजासारखा आहे, सच्छिद्र. चार महिने वर पडलेलं पाणी तो पोटात घेतो आणि सावकाश खाली सोडतो. आमच्या बागेतली विहीर बरोब्बर त्या बाणांच्या खाली येते. हे मी मुद्दाम काढलं नव्हतं. नकाशा पुरा झाल्यावर दिसलं.

काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हे ठिपके कसले गो?"

"रातवे."

"आणि हे बाण?"

"पाणी. सड्यातून विहिरीत येतंय ते."

ते काही बोलले नाहीत. बोट बाणावरून विहिरीपर्यंत नेलं, परत वर नेलं. बाग काकांची आहे, म्हणजे सगळ्यांचीच, पण पहाटे उठून शिंपणं करतात ते काका. मार्च-एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला की त्यांची झोप उडते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. शेवटी एवढंच म्हणाले, "शिगम्यापर्यंत थांबया. पाणी मोजून बघूया." बाबांनी दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या. दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीत दोरी सोडायची आणि वहीत आकडा लिहायचा, असं ठरलं. ज्या पार्टीला सडा हवा होता तिला नंतर बघू असं कळवलं.

निकाल लागला असं समजू नका. शिमगा गेल्यावर काय ठरेल ते आकडे ठरवतील, आणि माझी फीसुद्धा ठरवेल. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एज्युकेशन लोनचे कागद काढून ठेव. मी काढलेत. हप्ता किती बसेल त्याचं कोष्टकही केलंय, नकाशाच्याच मागच्या बाजूला. सड्याच्या एका अंगाला दोन्ही गोष्टी आहेत, हे बरं वाटतं मला. कुणी एकच बाजू बघून सही करू नये.

कधीकधी एसटीत बसले की विचार येतो, सडा रिकामा आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं असेल? आमच्याच तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कातळात चित्रं कोरून ठेवलीत. २०२२ मध्ये ती कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तोही अशाच माळावर, कारण धावपट्टीला सपाट, मोकळी जागा लागते. चतुरांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांचं टेक-ऑफ तिथूनच व्हायचं.

आपण उद्या इंजिनिअर होऊन अशाच सपाट, मोकळ्या जागांचे नकाशे करणार आहोत. कुठे रस्ता, कुठे प्लांट, कुठे छप्पर. तेव्हा साइटवर जाल तर एक काम करा मित्रांनो : दिवसा मोजून झालं की लगेच निघू नका. सूर्य बुडाल्यावर अर्धा तास थांबा. बास, एवढंच. त्या अर्ध्या तासात जे दिसेल ते नकाशात घ्यायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

नोव्हेंबरात माझी सबमिशन्स होती, त्यामुळे अमूर ससाणे बघायला घरी जाणं जमलं नाही. बाबांना सांगून ठेवलं होतं की ऑफिसातून येताना जरा वर बघत या. बाबा मोजकं बोलणारे, मेसेज तर त्याहून मोजका. एक तारखेला रात्री त्यांचा मेसेज आला :

"पाणी ९ फुटांवर. ससाणे दिसले नाहीत. वळणावर रातवा बसला होता, स्कूटर थांबवली. बराच वेळ उठला नाही."